थायरॉईडची गोळी आणि आयर्नची गोळी, टायमिंग कसं जमवता?

मुलुंडची_मी
मला ६ वर्षं थायरॉईड आहे (हायपो, म्हणजे हार्मोन कमी बनतं), ७५ ची गोळी चालू आहे, टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडलं की वाढतो) नेहमी ३ च्या आसपास. मे मध्ये हिमोग्लोबिन ९.२ आणि फेरिटिन (अंगातला आयर्नचा साठा) ६ आलं म्हणून आयर्न सुरू केलं. आता दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.४ झालंय पण टीएसएच डायरेक्ट ९!! गोळी एकही दिवस चुकवली नाहीये हो, सातची फास्ट पकडायची असते म्हणून पहाटे उठल्या उठल्या दोन्ही गोळ्या एकदम घेऊन टाकते आणि वर चहा. डोस वाढवायला लागेल का?

गिरगावकरीण
अगं दोन्ही एकदम!! तिथेच तर घोळ आहे. आयर्न पोटात थायरॉईडच्या गोळीला चिकटून बसतं मग ती नीट अंगात जातच नाही. मध्ये कमीत कमी ४ तास ठेव. थायरॉईडची उठल्यावर नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या-एक तासाने. डोसचं डॉक्टरांशी बोल पण त्यांना हे दोन्ही एकत्र घेत होतीस ते आधी सांग, माझ्या वेळी कोणी विचारलंच नाही, डोस वाढवला आणि पुढे आयर्न बंद झाल्यावर तोच डोस जास्त होऊन धडधड, झोप नाही, महिनाभर छळ. वेळ बदललीस की ६-८ आठवड्यांनी टीएसएच परत कर, लगेच करून उपयोग नाही.

आणि पाळीत अंगावरून जास्त जातं का? थायरॉईड कमी असलं की तसं होतं, त्यातून आयर्न उतरतं, आणि आयर्न कमी असलं की थायरॉईडचं हार्मोनही कमी बनतं. त्यामुळे गायनॅकलाही दाखव.

दादरचा_औषधवाला
काउंटरवर रोज बघतो हे. कॅल्शियमचंही असंच, आणि मल्टिव्हिटॅमिनच्या पाकिटावर आयर्न लिहिलंय का ते बघा, लोक ते विसरतात. अ‍ॅसिडिटीचं पातळ औषधही लांब ठेवा. आयर्न चहाबरोबर अजिबात नको, लिंबूपाण्याबरोबर चांगलं लागतं. शी काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन १२ ला पोचलं म्हणून स्वतःच बंद करू नका, साठा भरायला पुढे साधारण ३ महिने तरी लागतात.

काकू_परळ
गोळ्यांनी माझं पोट गच्च व्हायचं बाई, डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी एक दिवसाआड करून दिली, आता बरं आहे. अळिवाचे लाडू पण खा, लोखंडी कढईत भाजी कर.

गिरगावकरीण
काकू लाडू खाऊ देत पण फेरिटिन ६ लाडवांनी नाही भरणार 😄

मुलुंडची_मी
अंगावरून खूपच जातं हो, मला वाटलं चाळिशीमुळे. गायनॅकची शनिवारची अपॉइंटमेंट घेतली. आयर्न आता ऑफिसात ११ ला, लिंबाची बाटली घेऊन जाणार. फक्त ११ चाच आमचा कटिंग असतो, तो ४ वर ढकलायचा म्हणजे ग्रुपमधून बाहेरच पडल्यासारखं आहे 😩