मदत हवी आहे: जेवणातून विषबाधा, सगळ्यांची माहिती कशी गोळा करू?

नमस्कार. आमच्या संस्थेच्या कार्यक्रमातल्या जेवणानंतर बऱ्याच जणांना जुलाब, उलट्या आणि ताप सुरू झाला. बहुतेकांचा त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. एक वयस्कर बाई अजून सलाइनवर आहेत, बाकीचे घरी आलेत. आरोग्य विभागाने शौचाचे नमुने नेलेत आणि जेवलेल्या प्रत्येकाची माहिती मागितली आहे, ज्यांना काहीच झालं नाही त्यांचीसुद्धा.

इथेच गाडं अडलंय. बरे असलेले म्हणतात, "मला कशाला विचारता?" आणि आजारी असलेले सगळे एकाच पदार्थावर बोट ठेवतात, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर तशी चर्चा झाली. स्वयंपाक करणाऱ्या बायकांना लोक वाटेल ते बोलताहेत, ते बघवत नाही. प्रश्न कसे विचारू? उरलेलं थोडं अन्न फ्रिजमध्ये आहे, त्याचं काय करू?

प्रतिसाद:
अन्न टाकू नका. झाकून, वर "खाऊ नये" लिहून फ्रिजमध्येच ठेवा आणि अधिकाऱ्यांना आजच कळवा.

बरे असलेल्यांना सांगा की त्यांच्याशिवाय हिशेबच लागत नाही. एखादा पदार्थ सगळ्यांनीच खाल्ला असेल, तर आजारी लोकांच्या उत्तरांत तो पहिला येणारच. खाणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले आणि न खाणाऱ्यांपैकी किती, ही तुलना केल्यावरच संशयाला अर्थ येतो.

"कशामुळे झालं?" असं विचारूच नका. पूर्ण मेनू वाचून दाखवा, प्रत्येक पदार्थाला "खाल्ला, नाही खाल्ला, आठवत नाही" एवढंच लिहा. वर पेरलेलं, सजावटीचं, पाणी, बर्फ, काही सोडू नका. 2011 मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूची मोठी साथ आली तेव्हा आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. खरा दोष मोड आलेल्या मेथीदाण्यांचा निघाला. ते इतर पदार्थांत किंचित मिसळलेले, त्यामुळे खाल्ल्याचं अनेकांना आठवतच नव्हतं. रेस्टॉरंटमध्ये कुणी काय मागवलं आणि त्या पदार्थाच्या कृतीत काय होतं, हे ताडून पाहिल्यावर छडा लागला.

जेवणाची आणि पहिल्या लक्षणाची वेळ नक्की लिहा. स्टॅफिलोकोकस नावाच्या जिवाणूच्या विषाने साधारण 1 ते 6 तासांत उलट्या होतात. साल्मोनेला या दुसऱ्या जिवाणूला बहुधा 12 ते 36 तास लागतात आणि ताप येतो. अर्थात निदान प्रयोगशाळाच करेल.

धागाकर्ती:
मनापासून आभार. मेनू लिहायला घेतलाय. स्वयंपाक करणाऱ्यांपैकी कुणी आधी आजारी होतं का, हे विचारू का? त्या आधीच धास्तावल्यात.

प्रतिसाद:
ते अधिकाऱ्यांनाच एकांतात विचारू द्या, ग्रुपवर तर मुळीच नको. आता ज्यांना जुलाब-उलट्या आहेत त्यांनी थांबल्यावरही निदान 48 तास दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करू नये. हात साबण-पाण्यानेच धुवा. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाब करणारा विषाणू) असेल तर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही.