मदत हवी आहे: टँडम उडीनंतर एएफएफ शिकायचंय

स्कायडायव्हिंग करणाऱ्यांकडून सल्ला हवाय. नुकतीच टँडम उडी मारली, म्हणजे प्रशिक्षकाला बांधून घेऊन. आता एएफएफ, म्हणजे स्वतःच्या पॅराशूटने एकट्याने उडी मारायचं प्रशिक्षण, घ्यायचंय. 13,000 फूट, साधारण मिनिटभर फ्री फॉल, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधीचं कोसळणं. उडी भारीच होती, पण मला खरी ओढ लागली ती खाली उतरल्यावर. पॅकिंगच्या जागेत एक ताई गुडघ्यांवर बसून पॅराशूटची घडी घालत होत्या, अंगाचा भार टाकून त्यातली हवा काढत, एकेक दोरी बोटांनी चाचपत. शेजारी चौघं जण चाकांच्या फळ्यांवर पालथे पडून हवेत एकमेकांना धरून करायची फॉर्मेशन, म्हणजे रचना, जमिनीवरच घोकत होते. वारा वाढला, विमान थांबलं, तरी कुणी घाई केली नाही. हे मला फार आवडलं.

एएफएफच्या पहिल्या उड्यांना दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात, राखीव पॅराशूट असतं, आणि वेळेत काही उघडलं नाही तर एएडी नावाचं उपकरण ते आपोआप उघडतं, एवढं माहीत आहे. अमेरिकेच्या यूएसपीए या पॅराशूट संघटनेच्या ए लायसन्सला, म्हणजे पहिल्या पायरीच्या परवान्याला, किमान 25 उड्या लागतात, हेही.

केंद्र निवडताना तुम्ही नेमकं काय बघता? विमान, प्रशिक्षक, की तिथली माणसं? आधी विंड टनेलमध्ये, म्हणजे खालून येणाऱ्या जोराच्या वाऱ्यावर तरंगायच्या बंदिस्त जागेत, सराव केला तर खरंच फरक पडतो का? चष्मेवाले काय करतात?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उडी मारायची नसेल त्या दिवशी नुसतं जाऊन बसलं, पॅकिंग शिकवा म्हटलं, तर चालतं का? की त्यांच्या कामात अडचण होते?