सिडनीचा समुद्र, शार्क आणि आकड्यांचा खेळ

किलबिल
सप्टेंबर २०२५ मध्ये सिडनीच्या लाँग रीफजवळ शार्कच्या हल्ल्यात एक सर्फर गेला. तेव्हापासून आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर एकच धोशा : मुलांना बीचवर नेऊ नका. मला हा शुद्ध अतिरेक वाटतो. फ्लोरिडातल्या एका संग्रहालयात जगभरच्या शार्क हल्ल्यांची नोंद ठेवतात. त्यांच्या हिशेबाने माणसाने डिवचलेलं नसताना झालेले हल्ले २०२३ मध्ये ६९, मृत्यू १०. २०२४ मध्ये हल्ले ४७, मृत्यू ४. अख्ख्या जगात! उलट आपण वर्षाला अंदाजे १० कोटी शार्क मारतो. डोक्यात नारळ पडून याहून जास्त माणसं मरतात म्हणे, वर्षाला दीडशे. म्हणून नारळाखाली कोणी बसायचं सोडलंय का?

माडाखालचा
बसायचं सोडलंय, ताई. कोकणात शहाणा माणूस फळ धरलेल्या माडाखाली खाट टाकत नाही. :)
आणि ते दीडशे ही निव्वळ लोणकढी आहे. पापुआ न्यू गिनीच्या एका डॉक्टरने १९८४ मध्ये नारळ पडून झालेल्या दुखापतींवर निबंध लिहिला, पुढे एका प्रवास विमा कंपनीने त्यावरून पत्रक काढलं आणि आकडा सुटला. मूळ निबंधात दीडशे मृत्यू कुठेच नाहीत.

भागाकार
नारळाचं जाऊ द्या, मोठी गफलत पुढेच आहे. 'जगात दहा मेले' याला छेद कुठला घेणार? आठशे कोटी घेतले तर त्यात लातूरचा शेतकरी आला, ज्याचा शार्कशी संबंध शून्य. धोका मोजायचा तो पाण्यात उतरलेल्या माणसाचा, त्या किनाऱ्यावर, त्या वेळी. ब्राझीलच्या रेसिफेला जा. १९९२ पासून तिथे हल्ले सुरू झाले. जवळचं सुआपे बंदर बांधताना खाड्यांची वाट लागली, हे कारण अभ्यासक देतात. किनाऱ्यावर शार्कचे फलक आहेत. रियुनियन बेटावर तर २०१३ मध्ये प्रवाळांच्या आतला भाग सोडून पोहायलाच बंदी घातली. त्या लोकांना सांगणार का, 'घाबरू नका, जगाची सरासरी कमी आहे'?

किलबिल
नारळ सोडा हो, मुद्दा तोच राहतो. रियुनियनला कोण निघालंय? माझी मुलं जीवरक्षकांनी पहाऱ्यासाठी लावलेल्या दोन झेंड्यांच्या मध्ये गुडघाभर पाण्यात असतात. लाटांच्या पलीकडे फळीवर बसलेला सर्फर आणि ती एकाच मापात का मोजायची?

भागाकार
तुमच्याच संग्रहालयाचा २०२३ चा हिशेब बघा. हल्ल्यांत ४२ टक्के सर्फिंगवाले आणि ३९ टक्के पोहणारे नि पाण्यात चालणारे. 'फक्त सर्फरना धोका' हे टिकत नाही.

खारे_वारे
भागाकार, त्या ३९ टक्क्यांत नेमकं काय काय आहे तेही सांगा ना. फ्लोरिडाच्या न्यू स्मर्ना किनाऱ्यावर मुबलक चावे होतात, पण बहुतेक लहान शार्कचे. गढूळ पाण्यात लकाकणारा तळपाय तिला मासळी वाटते, एकदा पकडते, चूक कळली की सोडून पळते. टाके पडतात, माणूस घरी जातो. पांढऱ्या शार्कने मांडी फोडली तर काही मिनिटांतच रक्त जाऊन माणूस संपू शकतो. दोन्हींना कागदावर 'हल्ला' म्हणतात. टक्केवारी काढताना हे एकाच रकान्यात.

वैतरणाकाठ
इथे कोणी तरी लिहिणारच की आपल्याकडे शार्क नाहीत, म्हणून आधीच सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघरमध्ये मनोरजवळ वैतरणेच्या खाडीत मासेमारी करणाऱ्या एका तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. ती बुल शार्क, गोड्या पाण्यातही चढते. मोरी-मुशी म्हणजे छोट्या शार्कच, त्या आपण बाजारातून आणून कालवणात टाकतो, म्हणून त्यांचे मोठे भाऊबंद नसतात असं नाही.

माडाखालचा
मान्य. पण बातमी गाजली ती असं क्वचितच घडतं म्हणून. २०१३ च्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर साठच्या वर लोकांना पाकटांनी (स्टिंगरे) काटे मारले, ते आज कोणाच्या लक्षात आहे? पाकट वाळूत पुरून बसते, तिच्यावर पाय पडला की शेपूट मारते. त्यामुळे उथळ पाण्यात पाय उचलून टाकायचा नाही, वाळूत घासत पुढे न्यायचा. ती चाहूल लागून आपणहून उठते. मुलांना शार्कपेक्षा हे शिकवा.

लाल_पिवळी_टोपी
मी सिडनीत हौशी जीवरक्षक आहे. ऑस्ट्रेलियात शार्कमुळे वर्षाला सरासरी तिघांच्या आसपास माणसं मरतात. रिप करंटने, म्हणजे किनाऱ्यावरून आत समुद्रात ओढणाऱ्या प्रवाहाने, त्याच्या कितीतरी पट. आणि रिप दिसते कशी? दोन्हीकडे लाटा फुटून फेस होतोय, मध्ये एक गडद, शांत पट्टा. आपली भारतीय कुटुंबं नेमकी तिथे उतरतात, कारण 'तिथे लाटा नाहीत'. लाटा फुटत नाहीत कारण तिथे पाणी खोल असतं आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जात असतं. २४ जानेवारी २०२४ ला मेलबर्नजवळच्या फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हज किनाऱ्यावर चार भारतीय बुडून मेले. तिथे जीवरक्षक नव्हते. सापडलात तर किनाऱ्याकडे पोहत दमू नका. पाठीवर तरंगा, हात वर करा.

भागाकार
माहिती उत्तम, पण हा प्रश्न टोलवणं झालं. रिप जास्त मारते म्हणून शार्क निरुपद्रवी ठरत नाही. दोन्हींची काळजी वेगळी घ्यावी लागते. सरकारलाही आकड्यांवर एवढा भरवसा असता तर तीन किनाऱ्यांवरची शार्क रोखायची जाळी काढून बघायचा बेत लाँग रीफनंतर बाजूला का ठेवला?

लाल_पिवळी_टोपी
कारण मतदार. ती जाळी १९३७ पासून आहेत. एक जाळं दीडशे मीटर लांब, सहा मीटर उंच. किनारा बंद होत नाही. शार्क वरून, खालून, बाजूने येते. अडकतात त्यात कासवं आणि डॉल्फिनही. शार्कची काळजी करायचीच तर ही करा : उन्हाळ्यात सिडनी हार्बरमध्ये, म्हणजे शहरातल्या बंदराच्या खाडीत, बुल शार्क येतात. जानेवारी २०२४ मध्ये एलिझाबेथ बे इथे एका बाईच्या पायाला चावली, तीही संध्याकाळी, हार्बरच्या पाण्यात. तेव्हा हार्बरमध्ये तिन्हीसांजेला नाही, मोठ्या पावसानंतर गढूळ पाण्यात नाही, माशांचे थवे उसळत असतील तिथे नाही.

भागाकार
हेच तर मी पहिल्यापासून म्हणतोय. जागा आणि वेळ.

किलबिल
तुम्ही 'सरासरी फसवी' म्हणत होता. मी 'झेंड्यांमध्ये, गुडघाभर पाण्यात' म्हणत होते, तीही जागाच आहे. शनिवारी आम्ही जाणार आहोत. टोपीवाले, हिवाळ्यात झेंडे लावतात का?

लाल_पिवळी_टोपी
सगळीकडे नाही. काही किनाऱ्यांवर फक्त उन्हाळी हंगामात असतात. प्रवेशाशी बोर्ड असतो, त्यावर गस्तीच्या वेळा बघा. झेंडे नसले तर वाळूत किल्ले करा.