मदत हवी आहे: सूर्याच्या पोटातलं फिरणं कसं मोजतात?

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडून डागांची चित्रं काढतोय. (दुर्बिणीला डोळा लावून कधीच बघत नाही, नव्या मंडळींनीही बघू नये.) मधला काळाभोर गाभा आणि भोवती केसांसारख्या बारीक रेषांची करडी झालर, ती काढताना पेन्सिल कितीही टोकदार असली तरी कमी पडते. रोजची चित्रं एकावर एक ठेवली की डाग सरकलेले दिसतात. विषुववृत्ताजवळ एका फेरीला सुमारे २५ दिवस, ध्रुवांकडे ३५च्या आसपास, हे ठाऊक आहे.

अडलंय ते पुढे. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५ मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो आणि त्यामागच्या ध्वनिलहरींवरून आतलं फिरणं कळतं. फिरण्याच्या दिशेने जाणारी लहर आणि उलट जाणारी लहर यांच्या वारंवारतेत फरक पडतो, इथवर समजलं. पण त्यातला किती फरक कोणत्या खोलीवरचा, हे वेगळं कसं काढतात? खोल जाणारी लहरसुद्धा वरच्या थरांतूनच जाते ना?

केंद्रापासून त्रिज्येच्या सुमारे ०.७ अंतरावर, संवहनाच्या थराच्या (जिथे तप्त वायू वरखाली घुसळला जातो) तळाशी, अक्षांशांनुसार बदलणारा वेग जवळपास एकसारखा होतो. चुंबकीय क्षेत्र तिथेच ताणलं जात असावं, हा कयास मला फार भावतो. म्हणून खोलीनुसार फरक वेगळा काढण्याची ही पायरी गाळून पुढे जायचं नाही.

थोडंफार कॅल्क्युलस येतं. दोन-तीन लहरींचं उदाहरण घेऊन, आकड्यांसकट, कोणी समजावून सांगाल का?