मदत हवी आहे : कोकणातील प्रीफॅब घरासाठी भिंती कोणत्या घ्याव्यात?

दापोलीजवळ, समुद्रापासून दोन किलोमीटरवर, ६०० चौरस फुटांचे एकमजली प्रीफॅब (कारखान्यात तयार केलेले भाग जागेवर जोडून उभारायचे) घर बांधायचे आहे. जमीन बिनशेती आहे, जांभ्याचा चौथरा तयार आहे आणि सांगाडा गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेल्या) पोलादाचाच असेल. दोन दरपत्रके घेतली : एकात ५० मिमी पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम) आहे, तर दुसऱ्यात दोन्ही बाजूंनी फायबर सिमेंट बोर्ड आणि मध्ये रॉकवूल (दगड वितळवून काढलेल्या तंतूंचा थर). पफ उष्णता उत्तम अडवतो, पण तो पेट घेऊ शकतो आणि त्याचा पत्रा खाऱ्या हवेत कापलेल्या कडांपासून गंजू लागतो. रॉकवूल जळत नाही, मात्र भिजले की वाळेपर्यंत उष्णता नीट अडवत नाही, आणि येथे वर्षाला ३००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. (दोन्ही पुरवठादार ‘काही होत नाही’ म्हणतात, हे सांगायला नकोच.) तीन फुटांची वळचण ठेवणारच आहे. किनाऱ्यालगत असे घर बांधून काही पावसाळे काढलेल्यांनी सांगावे, यांपैकी कोणती भिंत टिकली, आणि सांगाड्यावर जस्ताचा थर प्रति चौरस मीटर किती ग्रॅमचा मागावा?