टोरांटो: ब्लफर्स पार्कला लेकीला पाण्यात सोडू का?

रानजाई: मंडळी, साताऱ्याहून सासूबाई-सासरे आलेत. या शनिवारी त्यांना आणि सहा वर्षांच्या लेकीला स्कारबरोच्या, ओंटारिओ तळ्याकाठच्या ब्लफर्स पार्कला न्यायचं म्हणतेय. मागच्या उन्हाळ्यात एका किनाऱ्यावरून परत आलो आणि लेकीला दोन दिवस जुलाब झाले. पाण्यामुळेच झाले का, कोण जाणे, पण तेव्हापासून धास्ती बसलीय. इथलं पाणी कसं असतं? सासऱ्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा चालणंही फार नको.

जुना स्कारबरोकर: नक्की न्या. जूनपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार) महापालिका रोज पाण्याचे नमुने तपासते. १०० मिलीलिटरमध्ये १०० पेक्षा जास्त ई. कोलाय (मैल्यातून येणारे जिवाणू) निघाले की 'पोहू नका' असं जाहीर करतात. पण एक लक्षात ठेवा. प्रयोगशाळेत जिवाणू वाढायला जवळपास एक दिवस लागतो, म्हणजे आज वाचलेला आकडा कालच्या पाण्याचा असतो. मी आकड्याआधी पाऊस बघतो. मोठी सर आली की रस्त्यावरची सगळी घाण तळ्यात उतरते, आणि शहराच्या जुन्या भागात पावसाचं पाणी नि मैला एकाच गटारातून जातो, ते गटारही ओसंडतं. जोराच्या पावसानंतर ४८ तास मुलांना पाण्यात घालायचंच नाही, हा आमच्या घरचा नियम. एरवीसुद्धा कमरेएवढ्या पाण्यात आधी स्वतः उभं राहा. स्वतःची पावलं दिसली नाहीत तर बाहेर या. शहराच्या पश्चिमेकडच्या सनीसाइड किनाऱ्याला हंबर नदी जवळच मिळते, तिथे तर पावसानंतर फिरकूच नका.

गाडीचं म्हणाल तर पार्कला उतरणाऱ्या ब्रिम्ली रोडवर शनिवार-रविवारी रांग लागते. सकाळी नऊच्या आत पोचा.

पाणकोंबडी: स्वच्छ असलं तरी पाणी गार असू शकतं हो. पश्चिमेचा वारा टिकून राहिला की वरचं ऊब धरलेलं पाणी आत सरकतं आणि तळाचं थंडगार पाणी किनाऱ्याला येतं, अगदी जुलैतसुद्धा. आमचा मुलगा एका शनिवारी तासभर डुंबला आणि सोमवारी पाय घालताच किंचाळत बाहेर आला.

मृद्गंध: पार्कच्या किनाऱ्यामागे जे उंच कडे (ब्लफ्स) आहेत, त्यांच्याबद्दल कळकळीने सांगते. हा आपला सह्याद्रीचा कातळ नव्हे, हिमयुगातल्या वाळूचे आणि चिकणमातीचे थर आहेत. काही ठिकाणी उंची ९० मीटर. आम्ही एकदा पायथ्याशी चटई टाकून डबा उघडला होता. मागून सरसर आवाज आला, आधी मूठभर वाळू, मग फणसाएवढं ढेकूळ चटईपासून चार हातांवर येऊन पडलं. पोळ्या तशाच टाकून पळालो. तेव्हा पायथ्यापासून लांब बसा आणि वर कुंपण ओलांडू नका. आजोबांना वरून स्कारबरो ब्लफ्स पार्कमधून दाखवा, चालणं थोडंच आहे आणि सगळं तळं समोर दिसतं.

रानजाई: किती जीव लावून लिहिलंत सगळ्यांनी! शुक्रवारी जोराचा पाऊस सांगितलाय. म्हणजे शनिवारी वरून कडे बघू आणि पाण्याचं पुढच्या आठवड्यावर टाकते. पण लेक रुसणार.

जुना स्कारबरोकर: बादली-फावडं द्या, वाळूत दोन तास रमेल. फक्त खाण्याआधी हात साबणाने धुवा, सीगल तिथे जागोजागी घाण करतात. धुण्यासाठी तळ्याचं पाणी वापरू नका, घरून एक कॅन भरून न्या.