सासूबाईंच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या

मनीप्लांट: सासूबाईंना बीपी आहे, मुतखडाही होऊन गेलाय. रोज पाण्यात फसफसणारी व्हिटॅमिन सीची १००० मिग्रॅची गोळी घेतात, वर बी कॉम्प्लेक्स, आणि आता लघवी पिवळीधमक होतेय म्हणून घाबरल्यात. काय करू?

कोकणकडा: ताई, पिवळा रंग बी२ चा, त्याला घाबरू नका. पण फसफसणाऱ्या गोळीत सोडियम असतं, बीपीवाल्यांनी रोज नकोच, आणि जास्तीच्या सीचं शरीरात ऑक्झलेट (ज्याचे मुतखडे बनतात तो क्षार) होतं म्हणजे खडा पुन्हा होऊ शकतो. बायकांना दिवसाला ६५ मिग्रॅ पुरतं, एका पेरूत त्याहून जास्त मिळतं.

गोळीवाली: स्ट्रिपमागे पिरिडॉक्सिन म्हणजे बी६ किती ते बघा. जास्त डोस महिनोन्‌महिने घेतला तर नसांना इजा होते, माझ्या आईच्या पायाला मुंग्या यायच्या.

मनीप्लांट: बघितलं, ३ मिग्रॅ आहे. फसफसणारी आजच बंद केली, सोमवारी डॉक्टरांना दोन्ही दाखवते.